पडद्याआधीचे तीस सेकंद

५ जुलै, शनिवार

मंडळाची मीटिंग. ठराव तीन, समोसे पुरले नाहीत.

ठराव पहिला: दादाला श्रद्धांजली म्हणून यंदा गणपतीत गेल्या वर्षीचाच हलता देखावा पुन्हा लावायचा. ठराव दुसरा: दादाचा लाकडी रोलर मात्र वापरायचा नाही. परवानगीच्या अर्जात आता उघड्या तांब्याच्या पट्ट्या चालत नाहीत, शिवाय त्याची मोटर जळलेली. तिसरा ठराव ठराव नव्हताच, सगळ्यांनी माझ्याकडे बघणं होतं. मग चालवणार कोण?

सुरेश परब अध्यक्ष. माझ्याबरोबर नापास झालेला, म्हणून जरा मान देतो. म्हणाला, "अरे लेखक, १७ ऑगस्टला ट्रायल. चालला तर लावू. नाय चालला तर एलईडी वॉलवाल्याला मी सांगून ठेवलंय. मूर्त्या मग ठेवायला जागा नाय आपल्याकडे." म्हणजे भंगार.

मी म्हटलं, मी चालवतो.

का म्हटलं ते माहीत नाही. स्वतःचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा आला. आजकाल तसाच येतो.

६ जुलै, रविवार

सकाळी वहिनीच्या खोलीत, माळ्यावरून रोलर खाली काढला. तिची खोली ९, माझी १०. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे फोडणी पडली की इकडे मला शिंक येते. जेवायला मी तिकडेच. दादा होता तेव्हाही तिकडेच.

रोलर म्हणजे मोठ्या पिंपाएवढं लाकूड. त्याच्यावर बारा रांगांत तांब्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. वर पितळेची बारा बोटं टेकलेली. रोलर सावकाश फिरतो, बोटाखाली तांबं आलं की करंट जातो आणि राजाची मान हलते. तांबं संपून लाकूड आलं की मान थांबते. एक फेरी सहा मिनिटांची, एक फेरी म्हणजे एक शो. दादा मिलमध्ये वायरमन. मिल बंद झाली तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात वायरमन. आणि गणपतीत हा. दरवर्षी जुन्या पट्ट्या उपटायच्या, नवीन देखाव्याच्या ठोकायच्या. बावीस वर्षं. शब्द आणि आवाज माझा, हालचाल त्याची.

पुतणी मृणाल बंगलोरला. तिला फोन. "काका, एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. रोलरचंच काम करतो. पट्ट्यांच्या जागी आकडे लिहायचे."

"मला येईल?"

"शाळेतल्या पोरांना येतं."

हे तिला धीर देणं वाटलं.

८ जुलै, मंगळवार

लॅमिंग्टन रोड. दुकान म्हणजे एक फळी आणि मागे दोन हजार खण. फळीवर एक बाई.

"स्कूल प्रोजेक्ट है क्या अंकल? बच्चे का?"

"मेरा ही है."

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, बोर्ड काढून दिला. दोन बिस्किटं शेजारी ठेवावीत एवढा. दोन्ही बाजूंना पाय, गोमेसारखे. वजन जवळजवळ नाहीच. रोलर खाली काढायला परवा तीन माणसं लागली होती.

घरी आणून टेबलावर ठेवला. चहा केला. बोर्डाकडे बघत प्यायलो. तो काही बोलला नाही, मीही नाही.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. गुरू यूट्यूबवरचा, इंदूरचा. त्याच्या लॅपटॉपवर सगळं पहिल्या फटक्यात होतं.

माझ्या लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही. त्यावरचा लाल दिवा लागतो, म्हणजे जिवंत आहे, पण लॅपटॉप म्हणतो इथे कोणी नाही. ड्रायव्हर टाकला, काढला, परत टाकला. दोन दिवस.

दु. परत लॅमिंग्टन रोड. बाईने बोर्डाकडे पाहिलंच नाही, माझी वायर हातात घेतली. "अंकल, ये सिर्फ चार्जिंग का केबल है. डेटा वाला चाहिए."

म्हणजे वायर पोट भरते पण बोलत नाही. अशी घरंही असतात. ही ओळ कॉलमला वापरावी का? नको. कॉलम मार्चपासून, दादा गेल्यापासून, दिलेला नाही. संपादकाचा मेसेज: "सावकाश." सावकाशच चाललंय.

१३ जुलै, रविवार

ब्लिंक. म्हणजे बोर्डावरचा निळा दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. बोर्डाच्या शाळेतला हा श्रीगणेशा. आकडा १००० लिहायचा, कारण बोर्ड सेकंद मोजत नाही, सेकंदाचा हजारावा भाग मोजतो. वेळेची एवढी किंमत ह्या चाळीत कोणी केली नव्हती.

प्रोग्रॅम आत जाताना बोर्डावरचं एक बारीक बटण दाबून धरावं लागतं. हे इंदूरच्या गुरूने सांगितलं नाही. मृणालने सांगितलं.

वहिनी भाकरीचं ताट घेऊन आली, दिव्याकडे बघत उभी राहिली.

"ह्या एवढ्यासाठी आठ दिवस, भावजी?"

"हो."

"बरां लागता हां पण." आणि ताट ठेवून गेली.

मी १००० चे ५०० केले. मग २००. दिवा फडफडायला लागला. परत १००० केले.

१९ जुलै, शनिवार

रिले आणले, बारा. रिले म्हणजे छोट्या निळ्या डब्या. बोर्डाने हळू सांगितलं की त्या पुढे मोठ्याने सांगतात. बोर्डाच्या अंगात राजाची मान हलवण्याएवढा जोर नाही, डबीच्या आहे. बँकेतून व्हीआरएस घेतली तोवर मीही अशीच एक डबी होतो.

आजपासून खरं काम: रोलर वाचणं. दादाने कागदावर काहीच लिहिलेलं नाही. एक वही नाही, चिठ्ठी नाही. सगळं लाकडावर. वहिनीच्या मशीनच्या खणातली शिवणकामाची टेप घेतली. रोलरचा घेर १२० सें.मी. फेरी सहा मिनिटांची. म्हणजे एक सें.मी.ला तीन सेकंद. प्रत्येक पट्टी कुठे सुरू, कुठे संपली ते मोजायचं, तीनने गुणायचं, वहीत लिहायचं.

पहिली रांग माझ्या आवाजाची. बोट तांब्यावर असेपर्यंत टेप चालते, लाकडावर आलं की गप्प. माझी वाक्यं त्याने सें.मी.मध्ये मोजलेली. "प्रधानजी, प्रजा सुखी आहे का?" साडेसहा मिलिमीटर. त्यापुढे हशासाठी दोन सें.मी. लाकूड. मोठं मन.

आज चार रांगा झाल्या.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावास्या. चाळीत दिवे घासणं चालू, गल्लीत उद्या श्रावण म्हणून आजच मटणाची रांग.

मंडळाच्या हॉलमध्ये मूर्तींवरची प्लास्टिकं काढली, जोडणी केली. राजा, प्रधान, शिक्का मारणारा कारकून, दोन भालदार, पंखा हलवणारी दासी. स्विच टाकला आणि सगळे एकदम सुरू झाले. राजा मान हलवतोय, प्रधान वाकतोय, कारकून हवेत शिक्के मारतोय, दासी वेडी झाल्यासारखी पंखा हलवतेय. आवाज काही नाही, नुसता मोटरींचा. बंद करायचा प्रोग्रॅम टाकला तर आणखी जोरात, म्हणजे जे एखाददुसरे थांबलेले तेही लागले.

सुरेश दारात. "हे काय, अधिवेशन भरलंय?"

जोक त्याचा, माझा नव्हे. नोंद असावी.

मृणाल फोनवर: "काका, ते रिले उलटे असतात. लो म्हणजे चालू, हाय म्हणजे बंद."

म्हणजे 'हो' म्हटलं की बंद पडतात, 'नाही' म्हटलं की कामाला लागतात. कमिटीत अर्धा जन्म गेला, मला हे आधी सुचायला हवं होतं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. नवीन दुखणं. राजा उठायला लागला की बोर्ड बंद पडतो आणि शो पहिल्या वाक्यापासून परत सुरू. राजाची मोटर सुरू होताना एवढा करंट ओढते की बोर्डाच्या वाट्याला काही उरत नाही. सकाळभर "सावधान, महाराज येत आहेत" सतरा वेळा ऐकलं. महाराज काही आले नाहीत.

बोर्डाला वेगळा पुरवठा दिला, मोबाईलच्या चार्जरवरून. राजाचं राजाला, बोर्डाचं बोर्डाला. लगेच चाललं.

पहिली दोन मिनिटं दादाच्याच वेळेप्रमाणे, बिनचूक. सुरेश खुर्चीत बसून बघत होता. संपल्यावर म्हणाला, "एकदम तस्संच रे." मग उगाच मोबाईल काढला.

मला काही झालं नाही. मी स्क्रू आवळत होतो.

३ ऑगस्ट, रविवार

शेवटचा तुकडा वाचायला घेतला. इथे एक जागा लागली.

शेवटी म्हातारी अर्ज घेऊन तीन पायऱ्या चढून राजासमोर येते. मग सगळं थांबतं. मग माझं शेवटचं वाक्य, आणि त्याबरोबर पडदा उघडून गणपती दिसतो. म्हातारी पोचली ते माझं वाक्य, ह्यामध्ये रोलरवर बाराही रांगांत नुसतं लाकूड. दहा सें.मी.

दहा त्रिक तीस. अर्धं मिनिट काहीच नाही.

ही जागा मला माहीत आहे. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी इथे सगळं थांबलं. लोकांना वाटलं बिघडलं. कोणीतरी शिट्टी मारली, पोरं उठली, आणि मग माझं वाक्य आलं ते रिकाम्या खुर्च्यांवर पडलं. मी तडक मागे गेलो. दादा शिडीच्या पायरीवर बसला होता, बनियन भिजलेली. मी पाच माणसांसमोर म्हटलं, "दादा, तुझ्या रोलरला डुलकी लागली काय?"

पाचही हसले. दादा म्हणाला, "करतो जरा कमी."

केलं नाही. दहाही दिवस तसंच. मग मी त्याच्यावर कॉलम लिहिला, सरकारी यंत्र चालता चालता विश्रांती घेतं वगैरे. गाजला. दादाने वाचला. "बरा जमलाय" म्हणाला.

मला वाटत होतं रोलर अडकतो. आज बघितलं, अडकत नव्हता. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सरळ कापलेल्या, कडा घासलेल्या, खिळे एका रेषेत. दहा सें.मी. त्याने मोजून ठेवलेले.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उजेडात परत बघितलं. पडदा दरवर्षी शेवटीच, त्यामुळे त्याबरोबरच्या वाक्याची पट्टी कायम त्याच जागी. पण तिच्या अलीकडे, जिथे आधीची हालचाल संपते, तिथे जुन्या खिळ्यांची भोकं. चार ओळी. खिळे उपटून पट्टी मागे सरकवलेली, मग आणखी मागे.

पडद्यापासून मोजलं. तीन सें.मी. चार. पाचाला जरा कमी. सात. आणि गेल्या वर्षीची जिवंत पट्टी, दहा.

नऊ सेकंद. बारा. चौदा. एकवीस. तीस.

रांग लागते, पण कशाची ते कळत नाही. दर वर्षी देखावा वेगळा, वाक्यं वेगळी. थांबणं मात्र वाढत गेलेलं.

टेप गुंडाळून खणात ठेवली. जेवलो. झोपलो, दुपारी. छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळीभात, कालचा. वहिनीने गरम करून दिला. मी ताटावरच विचारलं, पडद्याआधी एवढा वेळ दादा काय करायचा?

"म्हातारीचो दोर कोण ओढी?" वहिनी म्हणाली.

दादाच. म्हातारी मोटरवर चढत नाही, तोल जातो, म्हणून तिला डावीकडून दोराने हाताने ओढायची.

"नि पडदो?"

तोही दादाच. पडद्याची कप्पी उजवीकडे, शिडीवर.

"मगे ह्या टोकाकडसून त्या टोकाक जावचा कसां? समोरसून गेले तर लोकांका दिसतले. फळ्यांखालसून रांगत जायत. नि मगे शिडी." तिने माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हटलं नव्हतं, हवाही म्हटलं नव्हतं. "तीन वर्सां त्येंका दम लागायचो. जिनो चढताना दोनदा थांबत. मी इचारलंय तर म्हणत, चपलेत खडो गेलो."

"हॉस्पिटलात नोकरी, आणि दाखवलं नाही?"

"थयसर नोकरी म्हणानच नाय. कळलां तर घरी बसवतीत."

"मला तरी बोलायचं."

"तुमका?" ती म्हणाली. रागाने नाही, मीठ हवं का विचारावं तसं. "तुमी त्येच्यावर लिवलां असतात."

लिहिलं होतं मी. ती वाचत नाही, म्हणून तिला माहीत नाही. किंवा आहे.

ताट घासून ठेवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कमिटी. विषय: पडदा. सुरेश म्हणाला, बोर्ड आहेच, तेरावा रिले लाव, मोटरने उघडू. म्हणजे कोणी रांगायला नको आणि मधला गॅप पण नको. हुशार आहे सुरेश, नापास गणितात झाला नव्हता.

पण म्हाताऱ्यांनी हात वर केले. गिरणीतून निवृत्त झालेले, तीन खुर्च्यांवर कायम तेच तिघे. देवावरचा पडदा मशीनने उघडायचा नाही. राजा मशीनने हलव, प्रधान मशीनने वाकव, पडदा माणसाने, अंघोळ करून, अनवाणी, हाताने. पहिल्या वर्षापासून तसंच आहे. कारण विचारलं तर तिघेही म्हणाले, रिवाज. कारण नसलं की रिवाज मोडणं अवघड होतं.

"मग ओढणार कोण?" सुरेश.

परत सगळे माझ्याकडे.

प्रोग्रॅममध्ये त्या जागी सध्या ३०००० लिहिलंय. रोलरवर होतं ते उतरवून घेतलं, एवढंच. माझं त्यात काही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

ट्रायल. स. अकरा. मंडप अर्धा उभा, ताडपत्रीवरून पाणी गळतंय, कालच्या दहीहंडीची दोरी अजून खांबाला. समोर पंचवीसेक माणसं. वहिनी पहिल्या रांगेत.

मी मागे. बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात, वहिनीच्या पापडांच्या. निळा दिवा लागला, "सावधान, महाराज येत आहेत", आणि आले. सगळं दादासारखं. कारकुनाच्या शिक्क्यावर लोक हसले, बोर्डाने दोन सें.मी. हसू दिलं. म्हणजे सहा सेकंद.

दोर ओढला, म्हातारी चढली. मग फळ्यांखालून रांगत गेलो, शिडी चढलो, कप्पी धरली, थांबलो, थांबलो, माझं वाक्य आलं, ओढला. टाळ्या.

सुरेशने मिठी मारली. "एलईडी वॉल कॅन्सल. मूर्त्या राहतील." मग लगेच, "पण तो शेवटचा गॅप काढ रे. मधेच लाईट गेल्यासारखं वाटतं. गेल्या वर्षी पण तूच बोंबललेलास ना त्याच्यावर?"

"बघतो."

"बघतो नाय. लोक उठतात."

वहिनी तोपर्यंत निघून गेली होती.

२० ऑगस्ट, बुधवार

दु. मंडपात कोणी नव्हतं. घड्याळ लावून तीनदा गेलो. दोर सोडायचा, फळ्यांखालून रांगायचं, शिडीच्या चार पायऱ्या, कप्पीला हात.

तेरा सेकंद. चौदा. तेरा.

माझं वय चोपन्न, दिवसाला आठ सिगारेटी, जिम समोरून जाताना फक्त बघतो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. विडीकाडी काही नाही.

गुडघ्याला खरचटलं. खाली एक खिळा वर आलाय. ठोकला.

२४ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. मूर्ती काल रात्री आली. आता शिडीवर उभं राहिलं की उजव्या खांद्याशी गणपतीचा कान, चेहऱ्यावर कापड.

गॅप तीसच ठेवला होता. सुरेशला सांगितलं, उद्या बदलतो.

दोर, फळ्या, शिडी. तेरा सेकंदांत कप्पीवर. मग सतरा सेकंद राहतात.

आज पहिल्यांदा ते नीट मोजले. करायला काही नसतं. दोन्ही हात दोरावर. पुढून लोकांची चुळबुळ. कोणीतरी खोकतं. एक बाई म्हणते, "झालं वाटतं." दुसरा म्हणतो, "अडकलं." माझ्याच सुरात. त्या वाक्याची चाल तीच, मी म्हटलं होतं ती. पडद्याच्या ह्या बाजूने ते असं ऐकू येतं.

सातव्या सेकंदाला वाटलं, आता काहीतरी होईल मला. वाट बघितली. दोर हातात काचत होता, तेवढंच. मग वाक्य आलं.

तीस सेकंदांत तो पोचत असेल का नक्की? की तिसाव्याला जेमतेम हात लागत असेल? ते लाकडावरून कळत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

वहिनीला विचारायचं ठरवलं. वाटलं होतं ती म्हणेल राहूदे.

ती कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काढा ता."

"दादाचं आहे ते, वहिनी. त्याने ठोकलेलं. बाकी सगळं ठेवलं मी."

"त्येंनी ता लोकांका दाखवूक नाय ठोकल्यानी. लपवूक ठोकल्यानी. तीन वर्सां माझ्यापासून लपवल्यानी, तुमच्यापासून लपवल्यानी. नि तुमी आता धा दिवस गल्लीभर दाखवतल्यात?"

"कोणाला कळणार आहे?"

"माका कळतला. मी समोर खुर्चीत बसतलंय." खडा सापडला, तो तिने बाजूला टाकला. "त्या ट्रायलीक मी तीस पर्यंत मोजलंय. परत मोजूचा नाय माका."

मी म्हटलं, मग मी काय करू, तेरा लिहू?

"तुमका कितकी व्हयी तितकी लिवा. आता पडदो तुमी ओढतास."

तिच्याबरोबर खडे निवडायला बसलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उद्या गणपती. पहिला शो आरतीनंतर.

स. मंडपात लॅपटॉप घेऊन बसलो. ३०००० खोडून १३००० लिहिलं. बटण दाबून धरलं, आत गेलं. चहा प्यायला गेलो. परत आलो, १३००० खोडून ३०००० लिहिलं, आत पाठवलं. सुरेश येऊन गेला. "झालं का?" झालं म्हटलं, ते खोटं नव्हतं, काहीतरी झालंच होतं. मग २०००० लिहून बघितलं. तो आकडा कोणाचाच नाही. ना त्याचा, ना माझा. खोडला.

शेवटी १३००० लिहिलं. बोर्ड लॅपटॉपला लावला, पाठवायला टाकलं, आणि अर्ध्यावर मंडपाची लाईट गेली. डेकोरेशनवाल्याने मेन खाली केला होता, फुलांच्या माळांच्या दिव्यांसाठी. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तोही विझला. गेलं की नाही गेलं ते दिसलं नाही. लाईट आली तेव्हा निळा दिवा नेहमीसारखा. आत तेरा असेल. अर्धवट गेलं असेल तर काहीच नसेल, उद्या सगळं बंद. किंवा जायला सुरुवातच झाली नसेल, तर तीस आहे.

बघता आलं असतं. चालवून बघायचा, सहा मिनिटांचं काम. मृणाल म्हणाली असती, काका, चेक करा.

चालवला. राजा आला, प्रधान वाकला, कारकुनाने शिक्के मारले. म्हणजे आत काहीतरी शाबूत आहे, एवढं कळलं. म्हातारीच्या जागी आला तेव्हा मी स्विच बंद केला. पापडाच्या डब्याचं झाकण लावलं, चिकटपट्टी मारली.

सं. वहिनीने उपास असूनही मला जेवायला वाढलं. विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उद्यासाठी धोतर काढून ठेवलंय, दादाचं, तिनेच दिलं. पायाला लांब होतंय. रांगताना अडकेल, सकाळी वर खोचायला हवं.